हिवाळ्यातला गोठा : पहिल्यांदाच गायी सांभाळणाऱ्यांसाठी

गेल्या काही वर्षांत नोकरी सोडून किंवा नोकरी सांभाळून गावाकडे गोठा टाकणारी तरुण मंडळी बरीच दिसतात. गायी साधारण पावसाळा संपताना, दसरा-दिवाळीच्या बाजारात घेतल्या जातात आणि मग लगेच थंडी सुरू होते. म्हणजे नव्या माणसाची पहिली परीक्षा हिवाळ्यातच. आमचा गोठा निफाडच्या बाजूला, गोदाकाठच्या ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात आहे. इथे काही वर्षी पहाटेचा पारा ५ अंशांच्याही खाली जातो आणि राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी बऱ्याचदा आमच्याच तालुक्याची असते. लग्न होऊन आले तेव्हापासून थंडीतली जनावरं बघतेय. त्यातलं जे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं असं वाटतं, ते इथे क्रमानं लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मोठ्या गायीला आपल्याकडची कोरडी थंडी बाधत नाही. होल्स्टीन संकरित गाय ५ ते २५ अंशांत अगदी मजेत असते, उलट चैत्र-वैशाखात ती धापा टाकते. बाधते ती ओल आणि अंगावर येणारा वारा. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला पुणे आणि नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला, तेव्हा जुन्नर, आंबेगाव, पारनेर भागात शेकड्यांनी शेळ्या-मेंढ्या दगावल्या. त्याहून कडक थंडीत तीच जनावरं उघड्या माळावर बसून रात्र काढतात. त्या रात्री ती भिजली होती आणि वारा होता, एवढाच फरक. म्हणून हिवाळ्याचा तुमचा पैसा आणि वेळ कोरडी जमीन, लहान वासरं आणि वैरण या तीन ठिकाणी लावा. मोठ्या गायींना झुली शिवण्यात घालवू नका.

आधी जमवून ठेवायचं सामान

कोजागरीच्या सुमारास एकदा बाजार करा आणि हे घरात असू द्या :

- ताप मोजायचा थर्मामीटर (साधा डिजिटल चालतो, पण जनावरांसाठी वेगळा ठेवा)
- टिंक्चर आयोडीन, आणि सड बुडवायचं औषध व त्याचा कप
- धुतलेली कोरडी बारदानं, किमान दहा-बारा
- सुती फडकी, प्रत्येक दुभत्या गायीला एक
- गोडेतेलाची वेगळी भरलेली बाटली
- खनिज मिश्रण आणि चुना
- चांगली विजेरी, चार्ज केलेली
- चीक पाजायची निपलची बाटली
- गावातल्या पशुवैद्यकाचा नंबर आणि १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर, गोठ्याच्या खांबावर ठळक लिहून

नंबर मोबाइलमध्ये असतोच, पण पहाटे तुम्ही शेतात आणि घरी फक्त सासूबाई असतात तेव्हा खांबावरचाच उपयोगी पडतो.

१. गोठ्याचा वारा आणि ओल बघून घ्या

हिवाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो. गोठ्याच्या त्या बाजूला बारदानाचा किंवा जुन्या ताडपत्रीचा पडदा लावा, साधारण गायीच्या पाठीच्या उंचीपर्यंत. त्यावरची जागा उघडीच राहू द्या. पडदा वर गुंडाळता आला पाहिजे, कारण ऊन आलं की तो उघडायचाच आहे.

नवीन माणूस इथे हटकून एक गोष्ट करतो : चारही बाजू ताडपत्रीनं गच्च बांधून टाकतो. आत ऊब वाटते खरी, पण रात्रभर शेण-मुताची वाफ कोंडते आणि आठवड्याभरात वासरं खोकायला लागतात. याची परीक्षा सोपी आहे. पहाटे गोठ्यात जाऊन वासराच्या शेजारी उकिडवे बसा, नाक त्याच्या नाकाच्या उंचीवर न्या आणि चार-पाच श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा नाकात झोंबलं तर पडदा वर करायला हवा. उभ्या माणसाला तो वास येत नाही, खाली बसल्यावरच कळतो.

जमिनीचं म्हणाल तर काँक्रीटचा कोबा थंडीत जनावराच्या अंगातली ऊब शोषून घेतो, शिवाय पहाटेच्या दवानं आणि मुतानं निसरडा होतो. गाय घसरून मागचे पाय फाकले तर ती उठेलच याची खात्री नसते. उतारावर आणि धारेच्या जागेवर रोज संध्याकाळी थोडी चुन्याची भुकटी किंवा राख टाका. बसायच्या जागी रबरी मॅट असेल तर उत्तम. नसेल तर उसाचं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, आहेच. तोड सुरू झाली की ते सहज मिळतं, शेजाऱ्याकडून मागून आणलं तरी चालतं. ते कडबाकुट्टीच्या यंत्रातून बारीक करून, वाळवून टाका. अख्ख्या पाचटाच्या कडा कासेला ओरखडतात आणि ओलं पाचट तर टाकूच नका. मुक्त संचार गोठा असेल तर वाळलेल्या शेणाची गादी रोज दुपारी उन्हात फावड्यानं किंवा दाताळ्यानं हलवून घ्या, म्हणजे रात्रीपर्यंत वरचा थर कोरडा राहतो.

२. पहाटेच्या कामांचा क्रम लावा

थंडीत उठायला जड जातं आणि मग घाईत कामं मागंपुढं होतात. आमच्याकडचा क्रम असा : आधी विजेरी घेऊन सगळ्या जनावरांवर एक फेरी. कोण उठलेलं नाही, कोण रवंथ करत नाही, कुणाच्या पुढ्यात रात्रीची वैरण तशीच पडली आहे, हे बघायचं. मग वासरं. मग शेण ओढणं, धार, दूध डेअरीला, आणि त्यानंतर हिरवी वैरण.

फेरी पहिली आणि हिरवा चारा शेवटी, या दोन जागा हलवू नका. बाकीचं आपल्या सोयीनं करा. चाऱ्याचं कारण पुढे चौथ्या मुद्द्यात आहे.

गाई धुवायच्या असतील तर दुपारी १२ नंतरच, आणि त्याही रोज नकोत. थंडीत खरारा पुरतो. खराऱ्यानं केस मोकळे राहतात, शेणाचे गोळे निघतात आणि अंगावर हात फिरत असल्यामुळे उवा, गोचीड, जखम हे सगळं लवकर सापडतं. म्हशीच्या अंगावर केस कमी, तिला गायीपेक्षा थंडी जास्त वाजते. म्हशी असतील तर आडोशाची जागा आधी त्यांना द्या.

३. वासरू : हिवाळ्याचं खरं काम इथे आहे

नुकतं जन्मलेलं वासरू आणि त्याची आई यांची थंडी वेगवेगळी असते. पहिले तीन आठवडे वासराला साधारण १५ ते २५ अंश तापमान मानवतं. म्हणजे गायीला जी रात्र सुखाची, त्याच रात्री वासरू कुडकुडत असतं. त्यातून ते ओलं जन्माला येतं.

गाय व्यायली की वासराच्या नाका-तोंडातला चिकट स्राव बोटानं काढा आणि आईला चाटू द्या. तिचं चाटून झालं की कोरड्या बारदानानं रगडून पुसा. अलगद टिपू नका, चांगलं रगडा. रगडण्यानं रक्त खेळतं आणि वासरू श्वास जोरात घेऊ लागतं. विशेषतः कान, पाय आणि पोटाखालचा भाग कोरडा करा. नाळ लोंबत असेल तर दोन बोटं ठेवून बाकीची स्वच्छ कात्रीनं कापा आणि उरलेला भाग टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा.

त्यानंतर चीक, आणि इथे थोडं थांबून वाचा. आपल्याकडे कित्येक घरांत अजून जार (वार) पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत. वडीलधारी माणसं मायेनंच सांगत असतात, त्यांच्याशी भांडू नका, पण ऐकूही नका. वासराच्या आतड्यातून चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं रक्तात जाण्याची वाट जन्मानंतर तासातासाला अरुंद होत जाते आणि एका दिवसात जवळपास बंद होते. जार पडायला आठ ते बारा तास लागू शकतात. तोवर थांबलात तर वासरानं निम्मी संधी गमावली. पहिल्या दोन तासांच्या आत दोन लिटर, आणि पहिल्या बारा तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात गेलाच पाहिजे. ३० किलोचं वासरू म्हणजे ३ लिटर. शिवाय वासरू पिताना आईच्या अंगात जो पान्हा फुटतो, त्यानं जार पडायला मदतच होते. जार अडकली तर हातानं ओढू नका, वजनही बांधू नका, डॉक्टरांना बोलवा.

बाटलीनं पाजत असाल तर चीक कोमट हवा, मनगटावर थेंब टाकल्यावर ना गार लागावा ना चटका बसावा. गार झालेला चीक थेट शेगडीवर ठेवू नका, फाटून दह्यासारखा होतो. गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून कोमट करा.

वासरू गारठलं आहे का हे ओळखायला त्याच्या तोंडात बोट घाला. बोटाला ऊब लागली आणि त्यानं चोखायचा प्रयत्न केला तर काळजी नाही. तोंड आतून गार असेल आणि चोखतही नसेल तर ताप मोजा. वासराचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असायला हवं. १०० च्या खाली गेलं असेल तर आधी ऊब द्या : कोरड्या बारदानात गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात बांधून छातीला आणि पोटाला लावा, घरात पडवीत आणून ठेवलं तरी चालेल. चोखायला लागल्याशिवाय तोंडात दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि एकीकडे डॉक्टरांना फोन केलेला असू द्या.

पुढचे दिवस वासराची जागा कोरडी ठेवणं एवढंच काम. भुसा किंवा कुट्टी केलेलं पाचट इतकं जाड पसरा की वासरू बसल्यावर त्याचे पाय त्यात दिसेनासे होतील. जागा कोरडी आहे का हे डोळ्यांना समजत नाही. त्यावर गुडघे टेकून थोडा वेळ बसा. उठल्यावर पॅन्टचा किंवा साडीचा गुडघा ओला झाला असेल तर वासरूही रात्रभर ओलीतच बसलं होतं.

बारदानाची झूल वासरांना जरूर घाला. दोन पट्ट्या छातीशी आणि पोटाशी सैल बांधायच्या. दिवसा ऊन आलं की काढून वाळत घाला. मुतानं भिजलेली झूल रात्री तशीच अंगावर राहिली तर बिनझुलीचं बरं. थंडीत वासराचं बरंचसं दूध अंगात ऊब धरण्यातच खर्च होतं, तेव्हा रोजच्या दुधात निदान अर्धा लिटर वाढवा. दूध विकलं जातं म्हणून वासराच्या वाटणीत कपात करणारे पुढे तेच पैसे औषधात घालतात. जंताचं पहिलं औषध दोन आठवड्यांच्या आत, डॉक्टरांना वजन सांगून.

खोकला, नाकातून घट्ट शेंबूड, कान लोंबलेले आणि ताप १०३ च्या वर असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. वासराचा न्यूमोनिया वेगानं वाढतो.

४. वैरण : हिवाळ्यात पोटाचे घोटाळे का होतात

थंडीत हिरवं मुबलक असतं आणि नेमकं तेच अंगाशी येतं.

*दवातला घास.* लसूणघास किंवा बरसीम पहाटे कापून, दव असतानाच उपाशी गायीपुढे टाकला की पोट फुगतं. डावी कूस ढोलासारखी ताणते, गाय सारखी उठते-बसते, रवंथ थांबतो, तोंड उघडून श्वास घेते. हा प्रकार तास-दोन तासांत जीव घेऊ शकतो. म्हणून सकाळी आधी कडबा किंवा वाळली कुट्टी द्या. घास आदल्या दिवशी दुपारी कापून सुकवलेला, किंवा दव उडाल्यावर कापलेला द्या. फुगी झालीच तर गायीचे पुढचे पाय उंचावर येतील अशी तिला उभी करा, तोंडात आडवी काठी धरून दाव्यानं बांधा म्हणजे ती चघळत राहील आणि वायू सुटेल. मोठ्या गायीला पाव ते अर्धा लिटर गोडेतेल हळूहळू, घोटाघोटानं पाजता येतं. डोकं फार वर ओढू नका, जीभ धरू नका, खोकली की लगेच थांबा. बसलेल्या गायीला तर काहीच पाजू नका. डॉक्टर येईपर्यंतचा हा उपाय आहे. सुरी घेऊन पोटाला भोक पाडण्याच्या गावगप्पा ऐकू येतील, त्या वाटेला जाऊ नका.

*उसाचे वाढे.* उसाचं गाळप सुरू झालं की वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्त मिळतात आणि लोक गव्हाण भरभरून घालतात. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं, आणि प्रथिनं फार कमी असतात. महिनाभर फक्त वाढे घातले की एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) घसरतो, माज (गाय फळवण्याजोगी होण्याची वेळ) लांबतो. एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वाढे नकोत. बरोबर मका, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) किंवा थोडा घास ठेवा आणि खनिज मिश्रण रोज ५० ते १०० ग्रॅम, गायीच्या दुधाप्रमाणे.

*लग्नातलं उरलेलं अन्न.* तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते आणि मंगल कार्यालयातून कुणीतरी प्रेमानं पातेलंभर भात, पुऱ्या, जिलेबी आणून देतं. गायीला ते फार आवडतं, पण पोटात त्याचं आम्ल होतं. गाय खाणं सोडते, शेण पातळ आंबूस वासाचं होतं, चालताना झोकांडते, कधी दगावते. मक्याच्या ढिगावर किंवा पेंडीच्या पोत्यावर सुटलेली गाय हाच प्रकार. असं काही झालं तर लगेच पेंड बंद, फक्त वाळला कडबा, आणि डॉक्टरांना "किती खाल्लं, कधी खाल्लं" हे नेमकं सांगा. ती माहिती औषधापेक्षाही आधी लागते. पेंडीच्या खोलीला कडी आणि कडीला खिळा, एवढ्यानं हे सगळं टळतं.

*भाजीपाला.* आमच्या भागात कोबी, फ्लॉवर आणि खराब कांदा फुकट मिळतो. कोबी-फ्लॉवर थोडा, कडब्याबरोबर मिसळून. कांदा मात्र जास्त झाला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते. सडका कांदा जनावरांपुढे टाकूच नका. द्राक्षाच्या छाटणीचा पाला देत असाल तर बागेवर शेवटची फवारणी कधी, कशाची झाली हे बागवाल्याला विचारल्याशिवाय नको.

अवकाळीत भिजलेला कडबा वरून वाळलेला दिसतो. पेंढी मोडून आतून बघा. बुरशीची पांढरी-काळी भुकटी उडाली तर ती पेंढी उकिरड्यावर. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, त्यानंतर बऱ्याच गंजी अशा आतून गेल्या होत्या. गंजीवर ताडपत्री दिवाळीआधीच असू द्या.

५. पाणी

पंधरा लिटर दूध देणारी गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी पिते. टाकीतलं पाणी रात्रीत बर्फासारखं होतं, गाय दोन घोट घेऊन तोंड काढते आणि संध्याकाळी दूध कमी भरतं. लोक पेंडीत दोष शोधत बसतात. बोअरचं ताजं पाणी पहाटे कोमट असतं, तेव्हा हौद सकाळी भरा. अडचण विजेची. शेतीपंपाला रात्रीच्या पाळीची लाईट असलेल्या आठवड्यात टाकी रात्रीच भरावी लागते. मग टाकीला बारदान-ताडपत्रीनं गुंडाळा आणि गायींना दहाच्या पुढे पुन्हा एकदा पाण्यावर न्या. हौद पंधरा दिवसांनी घासून आतून चुना मारा.

६. कास, सड आणि धार

कोरड्या वाऱ्यानं सडांना भेगा पडतात. भेग दुखते, गाय लाथ मारते, दूध चोरते, आणि त्याच भेगेतून दगडीचे (कासेच्या सुजेचे) जंतू आत शिरतात. धारेआधी कास कोमट पाण्यानं धुवा आणि त्या गायीच्याच फडक्यानं पूर्ण कोरडी करा. ओल्या हातानं किंवा दुधाचा हात लावून धार काढायची सवय असेल तर सोडा. अंगठा मुडपून काढल्यानं सड सोलतो, मूठ वापरा. धार झाली की सड औषधात बुडवा, ग्लिसरीन असलेलं औषध थंडीत बरं. अर्ध्या मिनिटानं टोकाला लोंबणारा थेंब टिपून घ्या. मग गायीपुढे वाळली वैरण टाका म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड तेवढ्या वेळात मिटतं.

पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत काढून बघा. गाठी, पाणचट दूध किंवा रक्त दिसलं तर ते दूध वेगळं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

मशीन असेल तर रबर थंडीत कडक होतं, लावण्याआधी कोमट पाण्यातून काढा. धुताना गार पाणी वापरलं तर दुधाची स्निग्धता नळ्यांत चिकटून बसते. आधी कोमट, मग कढत पाणी आणि पावडर, मग पुन्हा स्वच्छ पाणी. डेअरीचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून असतो. थंडीत फॅट आपसूक थोडी वाढते, त्यावर खुश होऊन एसएनएफकडे दुर्लक्ष करू नका. पावती रोज बघा.

७. "गाय गारठली" असं वाटलं तर

हा मुद्दा वेगळा काढला, कारण यात चांगल्या गायी जातात. जास्त दूध देणारी गाय व्याल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत पहाटे बसलेली सापडते. मान वळवून पोटाशी टेकवलेली, नाकपुडी कोरडी, डोळे जड. कान हातात धरले तर गार. बघणाऱ्याला वाटतं थंडीनं गारठली, मग तिच्यावर चार गोधड्या पडतात, शेजारी शेकोटी पेटते, कुणी गुळाचं पाणी पाजायला बसतं. हा दुधाचा ताप असतो. नाव ताप असलं तरी अंग गार पडतं, कारण रक्तातला कॅल्शियम एकदम उतरलेला असतो. गोधडीनं काही होणार नाही. शिरेतून कॅल्शियम हळूहळू द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांचंच काम, वेगानं गेलं तर हृदय थांबतं. ते येईपर्यंत गायीला छातीवर बसती ठेवा, एका कुशीवर आडवी पडू देऊ नका, दोन्ही बाजूंनी पाचटाची पोती लावा. तोंडातून काहीही पाजू नका, तिला गिळता येत नसतं. वेळेत सलाईन लागलं तर बहुतेक गायी त्याच दिवशी उभ्या राहतात.

थर्मामीटर लावा हे मी पुन्हापुन्हा सांगते ते यासाठीच. गायीचं नेहमीचं तापमान १०१.५ च्या आसपास. वर गेलं की संसर्ग, खाली गेलं की कॅल्शियम किंवा अशक्तपणा. फोनवर डॉक्टरांना आकडा सांगितला की तेही बरोबर औषधं घेऊन निघतात.

८. माज

थंडी हा गाभण राहण्याचा चांगला काळ, विशेषतः म्हशींना. पण रात्र मोठी आणि माणूस पांघरुणात, त्यामुळे माज हुकतो. म्हैस तर मुका माज दाखवते, म्हणजे लक्षणं नीट दिसतच नाहीत. रात्री नऊच्या सुमारास आणि पहाटे एकेक फेरी मारा, बळस (माजावरच्या जनावराच्या योनीतून लोंबणारा चिकट स्राव) दिसतो का बघा. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख कॅलेंडरवर लिहा आणि २१ व्या दिवशी त्या गायीवर नजर ठेवा.

९. कुट्टी, वीज आणि शेकोटी

कडबाकुट्टीजवळ जाताना मफलर, शाल आणि स्वेटरच्या लोंबत्या बाह्या काढून ठेवा. उन्हाळ्यात कुणी शाल घालून कुट्टी करत नाही, म्हणून हा अपघात थंडीतला. बायकांनी पदर खोचून वर अंगात घट्ट बटणांचा शर्ट घालावा. लहान पोरांना ऊब मिळते म्हणून मोटरजवळ बसू देऊ नका.

दवानं स्टार्टरची पेटी ओली होते. पेटी कोरड्या जागी, अर्थिंग तपासलेलं आणि गोठ्याच्या लाईनवर ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असावा. गायीला माणसापेक्षा कमी विजेतही जबर झटका बसतो, ती ओल्या जमिनीवर चार पायांवर उभी असते. वासरावर बल्ब लावणार असाल तर वायरवर लोंबकळत ठेवू नका. साखळीनं बांधा, जाळी लावा आणि खाली भुश्यापासून हातभर तरी दूर ठेवा. मी तर बल्बपेक्षा जाड अंथरूण आणि झूल बरी म्हणते.

शेकोटी गोठ्याच्या आत नाही, वाऱ्याच्या बाजूलाही नाही. पाचटाला ठिणगी लागायला वेळ लागत नाही आणि दावणीला बांधलेलं जनावर पळू शकत नाही. रात्री शेकोटीवर पाणी ओतूनच झोपायला जा.

१०. बाहेरून येणारं संकट

ऊस तुटू लागला की बिबट्याचा आडोसा जातो आणि तो वस्तीकडे सरकतो. निफाड, सिन्नर, संगमनेर, जुन्नर या पट्ट्यात नव्यानं गोठा टाकणाऱ्यानं वासरांची जागा जाळीची आणि छत असलेली करायचीच. बिबट्या भिंतीवरून उडी मारून येतो, त्यामुळे वरून उघडी जाळी असून नसल्यासारखी. बांधाकडचा दिवा रात्रभर चालू ठेवा.

दुसरं, लाळ्या खुरकूत, म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड आणणारा संसर्गजन्य रोग. तोडणी कामगारांच्या बैलगाड्या दूरदूरच्या गावांहून येतात, बैल दमलेले असतात, रस्त्याकडेच्या हौदावर पाणी पितात. माणसांना चहा-पाणी जरूर विचारा, पण जनावरांचे हौद वेगळे ठेवा. लाळ्या खुरकुताची लस सहा महिन्यांनी, लम्पीची वर्षातून एकदा, आणि ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या रोगाची) एकदाच. नवीन विकत आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा, जागा नसेल तर निदान गव्हाण आणि बादली वेगळी.

११. कागद

अपघात झाल्यावर कागद शोधणं फार जड जातं. एका पिशवीत हे ठेवा :

- प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, लिहून
- बिल्ला स्पष्ट दिसेल असा फोटो आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण जनावराचा फोटो
- लसीकरणाच्या नोंदी आणि रेतनाच्या पावत्या
- विमा असेल तर पॉलिसी आणि कंपनीचा नंबर
- खरेदीची पावती, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रती

जनावर दगावलं तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि शवविच्छेदनाआधी पुरू नका. बिबट्यानं मारलं असेल तर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायचं (वनविभागाचा नंबर १९२६) आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागचं हलवायचं नाही. वास येतो, कुत्री येतात, शेजारी ओरडतात, तरी ताडपत्री टाकून राखण बसवा. हलवलं की भरपाईचा दावा अडकतो. बिल्ला पडला असेल तर दवाखान्यातून लगेच नवा मारून घ्या. तो नसेल तर विमा, भरपाई आणि बाजारातली विक्री, सगळीकडे अडतं.

१२. पडदे काढायची वेळ

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात, पण गायीला दुपारचं ऊन त्याच्या आधीच लागायला लागतं. फेब्रुवारीत दुपारी गाय धापा टाकताना दिसली की मोठ्या जनावरांकडचे पडदे पूर्ण काढा. वासरांच्या बाजूचे मात्र पहाटेची थंडी सुटेपर्यंत, रात्रीपुरते लावत राहा. बारदानं धुऊन, दोन दिवस कडक उन्हात वाळवून, उंदीर जाणार नाहीत अशी टांगून ठेवा. पाचटाची गादी खरवडून उकिरड्यावर टाका आणि खालच्या जमिनीवर चुना मारा, कारण मार्चपासून त्याच फटींत गोचीड अंडी घालायला येते.